समुद्रात पवनचक्क्या हव्यातच, पण पठारावर झालं तसं नको

समुद्रात पवनचक्क्या उभारायच्या की नाही, हा वाद आता पुरे झाला. उभारायच्याच. त्या कुणी बनवायच्या, मालकी कुणाची आणि सरकारने पैसा नेमका कशासाठी द्यायचा, यावर मात्र कुणी फारसं बोलत नाही. घाटाच्या अलीकडे राहणाऱ्या सातारकराने समुद्राबद्दल का बोलावं असं कुणी विचारेल. वाऱ्याचा धंदा डोक्यावर येऊन बसतो तेव्हा काय काय होतं, हे आम्ही पाव शतक बघतोय, म्हणून बोलतोय.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आल्या. मग चाळकेवाडी, ठोसेघरकडची पठारं, पुढे सांगली जिल्ह्यात ढालगाव, जत, शिराळ्याकडे गुढे पाचगणी. एके काळी वनकुसवड्याचं नाव आशियातल्या मोठ्या पवन प्रकल्पांमध्ये घेतलं जायचं आणि आम्हाला त्याचा अभिमान होता, आजही आहे. साडेतीनशे किलोवॅटच्या त्या छोट्या चक्क्यांवर कितीतरी पवनऊर्जा तंत्रज्ञ तयार झाले. आज भारताची पवनऊर्जेची क्षमता पन्नास हजार मेगावॅटच्या पुढे आहे, त्याच्या पायात आमच्या पठाराचा दगड आहे.

पण हे सगळं वाढलं कशाच्या जोरावर? घसाऱ्याच्या. चक्की बसवली की पहिल्याच वर्षी तिच्या किमतीचा मोठा हिस्सा, आधी शंभर टक्के आणि नंतर ऐंशी टक्के, घसारा म्हणून नफ्यातून वजा करता यायचा. वाऱ्याशी काडीचा संबंध नसलेल्या कंपन्या कर वाचवायला चक्क्या घेत होत्या. मालमत्ता वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर निम्माच घसारा मिळतो, म्हणून सप्टेंबरअखेर आणि मार्चअखेर नुसती धावपळ. क्रेन रात्रंदिवस चालायच्या. चक्की एकदा 'कमिशन' झाली, म्हणजे सुरू झाल्याची नोंद झाली, की तिने वर्षाला किती युनिट दिले याची चिंता करणारं कुणी फारसं उरायचं नाही, कारण मालकाचा फायदा कागदावर आधीच झालेला असायचा.

मी काही वर्षं पठारावर देखभालीच्या कामात होतो. जूनमध्ये ढग उतरले की दहा पावलांवरचा टॉवर दिसत नाही, फक्त पात्यांचा आवाज येतो. आमच्याकडे वाऱ्याचा खरा हंगाम जून ते सप्टेंबर, आणि नेमकी तेव्हाच लाईन ट्रिप व्हायची. कुठे झाड पडलेलं, कुठे इन्सुलेटर फुटलेला. वर वारा नुसता उधळलेला आणि खाली पॅनेलवर 'ग्रिड फॉल्ट' लिहून चक्की गप्प उभी. भिजलेल्या रेनकोटात, जीपमध्ये बसून, लाईन येण्याची वाट बघत राहायचं. यंत्र शाबूत, वारा मुबलक, आणि वीज शून्य. वीज वाहून न्यायची सोय आधी भक्कम करा, मग चक्की उभी करा, हे मी तिथे शिकलो.

जमिनीचं तर बोलायलाच नको. सडा, म्हणजे पठारावरची कातळाची जमीन, पडीक आहे, चार दाणेही येत नाहीत, म्हणून लोकांनी मिळेल त्या भावाला दलालांना जमिनी दिल्या. गावाच्या वाट्याला आल्या वॉचमनच्या नोकऱ्या आणि खडीचा रस्ता. वारा आमचा, डोंगर आमचा, आणि त्यातून होणाऱ्या उत्पन्नात गावाचा एका पैशाचाही कायमचा हिस्सा नाही. माझा सगळ्यात मोठा राग यावर आहे. हीच चूक समुद्रात झाली तर ती दुरुस्त करायला पुन्हा पंचवीस वर्षं जातील.

आता समुद्राकडे येतो. राष्ट्रीय ऑफशोअर पवनऊर्जा धोरण आलं २०१५ मध्ये. गुजरातच्या खंभातच्या आखातात वारा मोजायला लायडार यंत्र बसवलं. २०१८ मध्ये एक हजार मेगावॅटसाठी कंपन्यांकडून स्वारस्य मागवलं आणि २०३० पर्यंत तीस हजार मेगावॅटचं लक्ष्य जाहीर केलं. गुजरात आणि तमिळनाडू मिळून सुमारे सत्तर हजार मेगावॅटला वाव असल्याचा सरकारी अंदाज आहे. आणि आजही आपल्या समुद्रात वीज विकणारी एकही पवनचक्की उभी नाही. डेन्मार्कने विंडेबी इथे अकरा चक्क्या १९९१ मध्ये उभ्या केल्या, त्या आपलं आयुष्य पूर्ण करून २०१७ मध्ये काढूनही टाकल्या!

जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. त्यातले ६,८५३ कोटी गुजरात आणि तमिळनाडूत प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या प्रकल्पांसाठी आणि ६०० कोटी दोन बंदरं सुधारायला. समुद्रातलं उपकेंद्र आणि केबलची जबाबदारी वीज वाहून नेणाऱ्या सरकारी पॉवरग्रिड कंपनीकडे दिली, हे फार चांगलं झालं. पठारावर हेच आधी व्हायला हवं होतं.

"एवढा पैसा कशाला? सौरवीज अडीच रुपयांत मिळते," असं मला बरेच जण ऐकवतात. जरा हिशेब करू. या हजार मेगावॅटमधून वर्षाला ३७२ कोटी युनिट मिळतील असं सरकारने म्हटलंय. पंचवीस वर्षांचे झाले ९,३०० कोटी युनिट. व्याज बाजूला ठेवलं तर ६,८५३ कोटींची मदत युनिटमागे पाऊण रुपयाच्या आत बसते. त्या बदल्यात संध्याकाळी सातला, आणि आषाढात ढग दाटलेले असताना, म्हणजे सौर पॅनेल झोपलेली असतात तेव्हा चालणारी वीज मिळते. ३७२ कोटी युनिट म्हणजे क्षमतेच्या बेचाळीस टक्के उत्पादन. आमच्या पठारावरच्या जुन्या चक्क्या जेमतेम वीस टक्क्यांच्या आसपास असायच्या. पहिल्या हजार मेगावॅटला ही किंमत मोजावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ती युनिटवर मोजावी. जेवढी वीज दिली तेवढी मदत. लोखंड उभं केलं म्हणून पैसे, हा प्रकार आता नको.

आणि हजार मेगावॅटवर थांबून भागणार नाही. आज समुद्रातली एक चक्की पंधरा मेगावॅटच्याही पुढे गेली आहे. आमच्या साडेतीनशे किलोवॅटच्या चाळीसहून अधिक चक्क्या एका टॉवरवर! एकेक पातं शंभर मीटरच्या पुढे. खंबाटकी घाटातून चाळीस मीटरचं पातं न्यायचं तरी ट्रॅफिक अडायचं, हे पातं रस्त्याने जाणारच नाही. त्याचा कारखाना बंदराच्या धक्क्यालाच लागतो. पण हजार मेगावॅट म्हणजे अशा सत्तरेक चक्क्या. तेवढ्यासाठी पात्यांचा कारखाना कोण काढेल? चक्क्या उभारायला लागणारी, पाय समुद्राच्या तळाला टेकवून उभी राहणारी जहाजं जगात मोजकी आहेत. एका हंगामाच्या कामासाठी ती कोण बांधेल? त्यातून अरबी समुद्रात पावसाळ्याचे चार महिने काम बंदच.

इंग्लंडमधलं हल शहर बघा. एके काळचं मोठं मासेमारी बंदर, सत्तरच्या दशकात आइसलँडच्या पाण्यातली मासेमारी सुटली आणि शहर बसलं. तिथे २०१६ मध्ये समुद्री पवनचक्क्यांच्या पात्यांचा कारखाना आला आणि हजारभर लोकांना काम मिळालं. का आला? पुढची दहा-पंधरा वर्षं लिलाव होत राहणार, हमीभाव मिळणार, हे कंपनीला दिसत होतं. आणि २०२३ च्या लिलावात त्याच ब्रिटिश सरकारने कमाल भाव फार खाली ठेवला, तर समुद्री पवनऊर्जेसाठी एकही बोली आली नाही. ऊस कारखान्याला जाईल की नाही याची खात्री नसेल तर शेतकरी लागण करत नाही. उद्योजकाचंही तेच. २०३० नाही जमलं तर नाही, २०४० पर्यंतचं वेळापत्रक द्या, पण दिलेलं पाळा.

या सगळ्यात सातारा-सांगलीचं काय? बरंच आहे. पातं किनाऱ्यावर बनेल, पण चक्कीचा हब, म्हणजे पाती जिथे जोडतात तो भाग, आणि मुख्य फ्रेम हे एसजी आयर्नचं, म्हणजे सहज न तडकणाऱ्या ओतीव लोखंडाचं कास्टिंग असतं. टॉवरचे फ्लँज, हजारो मोठे बोल्ट, ब्रेक, हायड्रॉलिक, शिड्या, केबल ट्रे, पंप. कुपवाड-मिरजेपासून कोल्हापूरपर्यंत फाउंड्र्या आणि मशीनशॉप आहेत, कराड आणि सांगलीत जुनी इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. आजच्या भट्ट्यांतून समुद्री चक्कीचा हब ओतता येणार नाही, तो कित्येक टनांचा असतो. पण बारीक-मध्यम सुटे भाग नक्की होतील. त्यासाठी मिठाच्या हवेत टिकणारा रंग, प्रत्येक ओतकामाची अल्ट्रासॉनिक तपासणी आणि कागदपत्रं चोख लागतात. ती शिकायला दोन-तीन वर्षं जातात. ऑर्डर दिसली तरच कुणी ती शिकेल.

आणि हे आपल्याला जमणार नाही असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पवनचक्क्या बनवणारी डेन्मार्कची व्हेस्टास कंपनी सुरू झाली १८९८ मध्ये एका लोहाराच्या दुकानातून. त्याच्या पाचच वर्षांनी, १९०३ मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला आणि १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. सुरुवात दोघांची जवळपास सारखीच होती. बॉम्बे हायला १९७४ मध्ये तेल सापडल्यापासून आपण भर समुद्रात प्लॅटफॉर्म उभारतोय, माझगाव गोदीने ते बांधलेत. कोयनेचं लेक टॅपिंग, म्हणजे भरल्या जलाशयाच्या तळाशी बोगदा फोडून पाणी घेण्याचं काम, १९९९ मध्ये नॉर्वेचं तंत्र घेऊन आपल्याच माणसांनी यशस्वी केलं. हात आहेत, डोकं आहे. कामाचा ओघ हवा.

शेवटचा आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मालकीचा. कोपनहेगनच्या समोर मिडलग्रुंडन नावाचा चाळीस मेगावॅटचा समुद्री प्रकल्प २००० साली उभा राहिला. वीस चक्क्या, त्यातल्या दहा एका सहकारी संस्थेच्या. साडेआठ हजारांच्या आसपास साधे नागरिक तिचे सभासद. सहकार! जो आपण कृष्णाकाठी जगून दाखवला, कारखाने काढले, दूधसंघ काढले, त्याच मार्गाने डॅनिश लोक समुद्रातल्या विजेचे मालक झाले. पुढे २००९ मध्ये तिथे कायदाच झाला, की नव्या पवनप्रकल्पातले किमान वीस टक्के शेअर्स आसपासच्या रहिवाशांना देऊ करायचे; ही तरतूद २०२० पर्यंत होती.

रामेश्वरम-कन्याकुमारीकडच्या आणि गुजरातच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना आज काय सांगितलं जातंय? सुरक्षित अंतर ठेवा, नुकसान झालं तर भरपाई मिळेल. भरपाई एकदा मिळते आणि संपते. कोयनेच्या धरणग्रस्तांची पुढची पिढीसुद्धा अजून कागद घेऊन फिरतेय, त्यांना विचारा भरपाईचा अर्थ. मच्छीमार संस्थांना प्रकल्पात शेअर द्या. भांडवल त्यांच्याकडे नाही हे माहीत आहे. सरकारी मदतीतलाच एक हिस्सा त्यांच्या नावाचं भागभांडवल म्हणून टाका, साखर कारखान्यांना सरकारने भागभांडवल दिलंच होतं. बोटी कुठून जातील, जाळी कुठे टाकता येतील हे निविदा काढण्याआधी त्यांच्यासोबत बसून नकाशावर ठरवा. देखभालीच्या बोटींवर त्यांचीच पोरं घ्या. समुद्र त्यांना कळतो.

म्हणून सातारा आणि सांगलीच्या दोन्ही खासदारांना मी पत्र लिहितोय. निविदेच्या अटींत तीन गोष्टी घाला एवढीच मागणी आहे: मदत प्रत्यक्ष दिलेल्या युनिटवर, सुट्या भागांचा ठरावीक वाटा देशातल्या छोट्या कारखान्यांकडून आणि किमान वीस टक्के मालकी किनाऱ्यावरच्या सहकारी संस्थांकडे. कुपवाड, मिरज, कराड, सातारा एमआयडीसीतल्या ज्या मंडळींना आपल्या नावाने या पत्रावर सही करायची आहे, त्यांनी मला मेसेज करा. सोबत तुमच्या भट्टीतून आजवर निघालेलं सगळ्यात जड एसजी आयर्न कास्टिंग किती किलोचं होतं, तेही लिहा. तो तक्ता पत्राला जोडायचा आहे.