'फोनवर जखम कळत नाही' या मेसेजचं काय करायचं?

कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'ऑपरेशनआधी-नंतर डॉक्टर फोनवरच बोलणार असतील तर नकार द्या. गोळ्यांचं दवाखान्यात गेल्यावर बघता येतं, जखम फोनवर कळत नाही, आणि गावाकडं रेंज नसते.'

आधी गोळ्या, कारण खरी फसगत तिथंच होते. 'गेल्यावर बघू' म्हणत पहाटे चंदगडहून निघायचं आणि गोळी चालूच होती म्हणून ऑपरेशन पुढं ढकलून परत जायचं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या साखरेच्या गोळ्या साधारण ३ दिवस आधी थांबवतात. नाहीतर साखर फारशी वाढलेली न दिसताही रक्तात आम्ल वाढू शकतं. रक्ताची गुठळी होऊ न देणारी क्लोपिडोग्रेल बहुधा ५ दिवस आधी थांबवतात, पण हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (जाळीची नळी) बसवलेला असेल तर स्वतःच्या मनानं अजिबात नाही. म्हणून आठवडाभर आधीच्या कॉलवर नावं आठवत बसू नका, पाकिटं कॅमेऱ्यासमोर धरा. उपाशी राहण्याचा हिशेबही तेव्हाच विचारा: साधं पाणी २ तास आधीपर्यंत, दुधाचा चहा ६ तास. पांढरा रस्सा पातळ असला तरी पाणी नव्हे. मटणाच्या जेवणानंतर ८ तास. भूलतज्ज्ञांची तपासणी मात्र समोरासमोरच व्हावी.

जखम? पिवळ्या बल्बखाली फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत नाहीच कळत. दिवसा खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, एक फोटो हातभरावरून आणि एक वीतभरावरून काढा. लालीच्या कडेनं पेननं रेघ मारा. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली तर लगेच कळवा. सावळ्या कातडीवर लाली फसवते, म्हणून आसपासची कातडी गरम लागते का तेही सांगा. हळद लावलीत तर रंगच लपला. कातडीखालचा पू फोटोत दिसत नाही, हे मेसेजवाल्याचं बरोबर. म्हणूनच दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं किंवा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, की जखम प्रत्यक्ष दाखवायची.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर टेप हाताशी ठेवा. वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजा. ३ सेंटिमीटरचा फरक आला तर रक्ताच्या गुठळीची शंका. त्याच दिवशी दवाखाना. दम लागला, छातीत दुखलं, तर कॉलची वाट न बघता १०८.

रेंजचं म्हणाल तर गगनबावड्याच्या पावसात व्हिडिओ अडकतो, खरंय. पण टेलिमेडिसिनच्या, म्हणजे दुरून फोनवर उपचार करण्याच्या, २०२० च्या नियमावलीत साधा कॉल आणि मेसेजही चालतो. ट्रामाडॉलसारखं अमली पदार्थ कायद्यातलं औषध तेवढं फोनवर लिहून मिळत नाही, म्हणून दुखण्याच्या गोळ्या किती दिवस पुरतील ते डिस्चार्जच्या वेळीच विचारून घ्या.