मांडवीचा काठ सकाळी पाहा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पणजीतल्या मांडवीकाठच्या फेरफटक्यावरचा माझा लेख वाचून तुम्ही घरच्यांना घेऊन गेलात आणि हिरमुसून परतलात. नदीतल्या जहाजांवरच्या कॅसिनोंचा झगमगाट, गाड्यांच्या रांगा, पाण्याला वास, पाहण्यासारखं काहीच नाही, आणि लेखात कॅसिनोंचा उल्लेखही नाही म्हणजे ही दिशाभूल, असं तुम्ही लिहिलंय. त्यापेक्षा कळंगुट बरं होतं, असंही.

कॅसिनोंवरचा तुमचा राग माझाही आहे. ही जहाजं मांडवीतून हलवण्याच्या घोषणा वर्षानुवर्षं होतात आणि दर वेळी मुदत वाढते. गोव्याच्या माणसाला आत जाऊन खेळायला बंदी, आणि नदी मात्र त्याचीच अडवलेली! तरीही मी त्यांना लेखात जागा दिली नाही, ती जाणूनबुजून. पणजी म्हटलं की आधी कॅसिनो येतात आणि काठावर शतकानुशतकं उभं असलेलं सगळं मागे पडतं.

वासाचं म्हणाल, तर ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि त्याचा वास कुठल्याही खाडीकाठी येतो. सांतिनेजच्या नाल्यातून येणारी घाण मात्र शहराची आहे. त्यावर चिडलात ते योग्यच.

पण ‘पाहण्यासारखं काहीच नाही’ हे मला अजिबात मान्य नाही. काठावरचं जुनं सचिवालय म्हणजे मुळात आदिलशहाचा वाडा. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि पुढे १७५९ पासून त्यांचे व्हाइसरॉय याच वाड्यात राहू लागले. साथींनी जुनं गोवं ओस पडलं आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. वाड्याचं तोंड नदीकडे आहे. शेजारीच आबे फारियांचा पुतळा आहे. कांदोळीत जन्मलेल्या या पाद्र्याने पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले. रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेल्या या पुतळ्यातले त्यांचे पसरलेले हात आणि मागे कलंडणारी बाई जवळून बघा. गाडीतून ते दिसत नाही.

तिथून जवळच नदीपलीकडच्या बेतीची फेरीबोट सुटते. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. बोट धक्क्याला लागायच्या आधीच स्कूटरवाले इंजिनं सुरू करतात, लोखंडी फळी खडखडत काँक्रीटवर टेकते आणि मिनिटभरात डेक रिकामा होतो. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीचा पूल कोसळला, तेव्हा याच बोटींनी पणजी आणि पलीकडचा बार्देश तालुका जोडून ठेवला. पलीकडे जाऊन परत या. पणजी समोरून बघायची, तर पाण्यातूनच.

फोंतेन्हास, म्हणजे पणजीतली जुन्या पोर्तुगीज वळणाच्या घरांची वस्ती, त्यानंतर. तिथल्या घरांत माणसं राहतात. कुणाच्या पायरीवर बसून, दाराला टेकून फोटो काढू नका. रहिवाशांनी पाट्या लावल्यात त्या उगाच नाहीत. वेळ उरला तर कांपालला चार्ल्स कोरियांनी आराखडा केलेली कला अकादमी आहेच.

मुख्य म्हणजे संध्याकाळी जाऊ नका. सकाळी साडेसहा-सातला जा, गाडी लांब लावा आणि घरातल्या ज्येष्ठांना आधी फेरीबोटीत बसवा. कळंगुट दुपारनंतरही होईल. पुन्हा गेलात तर कसं वाटलं ते जरूर लिहा, तक्रार असली तरी.