खुलासा: व्हेनिसजवळच्या लिडो बेटाच्या किनाऱ्यावर जायला प्रवेश शुल्क लागत नाही

‘व्हेनिसला समुद्रकिनारा नाही, आणि जवळच्या बेटांवर पाऊल टाकायचं तरी आधी पाच युरो भरा,’ असा निरोप युरोप सहलीच्या गटांत फिरतोय. दोन्ही चूक.

एप्रिल २०२४ मध्ये सुरू झालेलं शुल्क ठरावीक दिवशी, ठरावीक वेळेत, जुन्या शहरात दिवसापुरत्या येणाऱ्यांसाठी आहे. पाच युरो ही सुरुवातीची रक्कम. २०२५ मध्ये आयत्या वेळी नोंदणी करणाऱ्यांना ती दहा झाली. लिडो, पेलेस्ट्रिना, मुरानो, बुरानो ही बेटं त्यातून वगळलेली आहेत. मात्र जाताना-येताना जुन्या शहरातल्या सान मार्कोला उतरून भटकलात, तर नियम लागू होतो. व्हेनिस पालिकेच्या हद्दीत मुक्काम असेल तर शुल्क माफ. पण माफीसाठीही नोंदणी करावी लागते, आणि नेमकं हेच निरोपात नाही!

किनाऱ्याचं म्हणाल, तर लिडो म्हणजे खाजण आणि एड्रियाटिक समुद्र यांमध्ये आडवा पडलेला, सुमारे ११ किलोमीटर लांबीचा चिंचोळा वाळूचा पट्टा. सान मार्कोहून व्हापोरेत्तोने, म्हणजे तिथल्या प्रवासी बोटीने, पाऊण तासही लागत नाही. तिथे बस आणि मोटारीही धावतात. छत्री-खुर्चीवाल्या खाजगी किनाऱ्यांवर पैसे पडतात, फुकटचे पट्टेही आहेत. गर्दी नको असेल तर दक्षिण टोकाला आल्बेरोनीच्या वाळूच्या टेकड्यांकडे जा. शहराच्या कालव्यांत मात्र पोहू नका. तिथे दंड होतो.