सगळं खापर अजिनोमोटोच्या डबीवर

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी तोच मेसेज फिरून येतो. लाल अक्षरं, तीन कवट्या आणि वर 'कृपया दुर्लक्ष करू नका'. मजकूर थोडक्यात असा: चायनीज हॉटेलातलं अजिनोमोटो हे मंद विष आहे. खुद्द चीन आणि जपानमध्ये त्यावर बंदी आहे. ते केमिकल आहे आणि मेंदूच्या पेशी मारतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी त्यापासून होणारा 'चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम' नावाचा रोग शोधून काढलाय. लहान मुलांना देऊ नका असं सरकारच सांगतं. मांस कशाचं असतं देव जाणे. आणि मुळात हे चिनी खाणंच नव्हे, हा आपली पिढी बिघडवण्याचा चीनचा डाव आहे.

मागच्या शनिवारी तो पुन्हा आला तेव्हा मी नेमकी कोपऱ्यावरच्या चायनीजमध्येच बसले होते. समोर मंचाव सूप, त्यावर तळलेल्या नूडल्स, शेजारी व्हिनेगरमधल्या मिरच्यांची वाटी. मेसेज टाकणारे काका चांगले आहेत, कुणाच्याही आजारपणात पहिले धावतात. म्हणून ग्रुपवर वाद न घालता इथे सविस्तर लिहिते आहे.

बंदीपासून सुरुवात करू. चीनमध्ये बंदी नाही आणि जपानमध्येही नाही. हा पदार्थ जन्मालाच जपानमध्ये आला. टोकियोच्या इंपिरियल विद्यापीठात किकुनाए इकेदा नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीच्या कढणाला जी चव येते ती गोड, आंबट, खारट, कडू यांपैकी कशातच बसत नाही, मग ती आहे तरी काय, याचा त्यांनी शोध घेतला. १९०८ साली त्यांनी त्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी ते बाजारात आलं, 'अजिनोमोटो' या नावाने, म्हणजे साधारण 'चवीचं मूळ'. तेव्हा अजिनोमोटो हे मालाचं नाव, वस्तूचं नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो, तसलाच प्रकार. चीनमध्ये तर १९२०च्या दशकात जपानी मालाला टक्कर म्हणून शांघायात स्वतःचा कारखाना निघाला, आणि आज जगात हे सर्वांत जास्त तिथेच बनतं.

'केमिकल आहे' याला काय उत्तर द्यावं? मीठही केमिकलच आहे. हे पांढरे खडे आज कारखान्यात आंबवून बनवतात: उसाची मळी किंवा मका-टॅपिओकाचा स्टार्च घ्यायचा, त्यात विशिष्ट जिवाणू सोडायचे, ते ग्लुटामेट तयार करतात. मळी आंबवून काय काय बनतं हे साखरपट्ट्यातल्या माणसाला मी वेगळं सांगायला नको. आणि हेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत असतं, मशरूममध्ये असतं, मुरलेल्या चीजमध्ये भरपूर असतं. आईच्या दुधात ते गायीच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त असतं. टोमॅटोच्या साराचा दुसरा वाटा घेताना आपण ज्यावर भाळतो त्यात त्याचा हिस्सा आहे. ते टोमॅटोतून आलं की डबीतून, हे पोटाला ओळखता येत नाही.

मेंदूच्या पेशींची गोष्ट मात्र हवेतून आलेली नाही. १९६९ मध्ये जॉन ओल्नी या अमेरिकी संशोधकाने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांना याची इंजेक्शनं दिली आणि त्यांच्या मेंदूत इजा दिसली. प्रयोग खरा, पण मोठ्या मात्रेचा आणि तोही कातडीखाली टोचून केलेला. माणूस नूडल्स टोचून घेत नाही. खाल्लेलं ग्लुटामेट बहुतेक सगळं आतड्याच्या भिंतीच इंधन म्हणून वापरून टाकतात.

आता तो 'रोग'. एप्रिल १९६८ मध्ये रॉबर्ट हो मान क्वॉक या डॉक्टरांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनला एक पत्र लिहिलं. शोधनिबंध नव्हे, संपादकांना पत्र. अमेरिकेतल्या चिनी हॉटेलांत जेवलं की आपल्याला मानेमागे बधिरपणा येतो, अशक्त वाटतं, छातीत धडधडतं, असं त्यांनी कळवलं. कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं. सोया सॉस असेल, स्वयंपाकात घालतात ती वाइन असेल, मोनोसोडियम ग्लुटामेट असेल किंवा नुसतं जास्त मीठ असेल, असे त्यांनी अंदाज केले होते. त्यातला एकच अंदाज उचलला गेला आणि त्या पत्रावरच्या शीर्षकाचा पुढे रोग झाला. पिझ्झ्यावर किसलेल्या चीजमध्येही तेच ग्लुटामेट असतं, पण 'इटालियन रेस्टॉरंट सिंड्रोम' कुणाला झाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

तपासणी पुढे झालीच. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 'आम्हाला हे बाधतं' असं स्वतः सांगणारे १३० लोक घेतले. कुणाला खरं, कुणाला खोटं दिलंय हे कुणालाच न सांगता, सोबत काही खायला न देता, एकदम पाच ग्रॅम दिलं. काहींना त्रास झाला, काहींना खोट्यानेही झाला. पुन्हा पुन्हा फेऱ्या घेतल्या तसे खऱ्यालाच दर वेळी प्रतिसाद देणारे बोटांवर मोजण्याइतके उरले, आणि त्यांचीही लक्षणं फेरीगणिक बदलत होती. जेवणासोबत दिल्यावर तर काहीच धड जुळेना.

इथे एक कबूल करायला हवं. रिकाम्या पोटी तीन ग्रॅम किंवा जास्त घेतलं तर काही लोकांना थोडा वेळ डोकेदुखी, बधिरपणा, घाम असा हलका त्रास होऊ शकतो, हे अमेरिकेचं अन्न व औषध खातंही मान्य करतं. मात्र एका प्लेटीत सहसा अर्ध्या ग्रॅमहूनही कमी असतं. तेव्हा कुणी म्हणालं 'मला चायनीज खाल्लं की डोकं दुखतं', तर मी तिला खोटं पाडणार नाही. दुखतच असेल. मी फक्त विचारेन की त्या रात्री पाणी किती प्यायलीस, जेवलीस किती वाजता, आणि सोया सॉस किती होता?

कारण मिठाचा खरा हिशेब सोया सॉसमध्ये आहे. साध्या मिठात सोडियम साधारण ३९ टक्के असतं, अजिनोमोटोत साधारण १२. उलट सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात २००० च्या आत राहा म्हणते. सूप, नूडल्स, मंचुरियन, वर टेबलावरची बाटली. रक्तदाब असलेल्यांनी त्या काळ्या बाटलीला भ्यावं. मेसेजमध्ये तिचं नावही नाही.

लहान मुलांचा मुद्दा अर्धा खरा आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळासाठी हे नाही, असं पाकिटावर छापण्याचा नियम आपल्याकडे आहे. पण त्या वयात मीठ आणि मधही देत नाहीत, आणि ट्रिपल शेजवान खाणारं दहा महिन्यांचं बाळ मला अजून भेटायचं आहे. शिवाय हाच मेसेज पुढे ढकलणाऱ्या घरांतली मुलं वेफर्सची पाकिटं फस्त करतात. त्या पाकिटाच्या मागे ६२१, ६२७, ६३१ असे आकडे आहेत का ते एकदा वाचा. पहिला म्हणजे अजिनोमोटोच, पुढचे दोन त्याची चव वाढवणारे जोडीदार.

मांसाबद्दल दोन वाक्यांत. मांजर पकडणं, सोलणं आणि साफ करणं हे बाजारातून ब्रॉयलर आणण्यापेक्षा महागात पडतं. हॉटेलवाला कंजूष असेल, मूर्ख नसतो.

आणि आता तो चिनी डाव. एकाच मेसेजमध्ये 'हे अस्सल चिनी नव्हे' आणि 'हा चीनचा डाव' ही दोन्ही वाक्यं कशी नांदतात कळत नाही. पहिलं मात्र शंभर टक्के खरं आहे. हे खाणं कोलकात्यात, टिरेटा बाजार आणि टँग्रातल्या चिनी वस्त्यांत आपलं झालं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या हाक्का लोकांचंच नाव आपल्या 'हक्का नूडल्स'ना आहे. मंचुरियन तर मुंबईचंच. कोलकात्यात वाढलेले नेल्सन वाँग १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक करत होते. वेगळं काही द्या म्हटल्यावर त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची असं आपलंच वाटण घेतलं, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोअर लावून तळलेलं चिकन त्यात सोडलं. मांचुरियात जाऊन हे मागाल तर वेटर तोंडाकडे बघत राहील.

शेजवानचंही तेच. खऱ्या सिचुआन स्वयंपाकात जिभेला मुंग्या आणणारे मिरे लागतात. आपल्या शेजवान चटणीत ते औषधालाही नसतात, ती लसणाच्या चटणीची तेलकट मावसबहीण आहे. गंमत म्हणजे त्या मिऱ्यांचा सख्खा नातेवाईक कोकणात आणि गोव्यात घरोघरी आहे: तिरफळ. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ चुकून दाताखाली आलं की जिभेला जे होतं, ते सिचुआनच्या जास्त जवळचं आहे. म्हणजे अस्सलच हवं असेल तर मालवणीत जा.

डावाची भाषा मला हसण्यावारी नेता येत नाही, कारण तिचा इतिहास वाईट आहे. १९६२ च्या युद्धानंतर इथेच जन्मलेल्या-वाढलेल्या सुमारे ३००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन कोंडलं होतं. २०२० मध्ये गलवानमधल्या भारत-चीन चकमकीनंतर केंद्रीय मंत्री रामदास आठवले चायनीज विकणाऱ्या हॉटेलांवर बंदी घाला म्हणाले. आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलचा मालक देवगडचा आहे आणि कढईवरचा मुलगा नेपाळचा. चीनचं नुकसान नेमकं कसं होणार होतं?

एवढं सगळं लिहून मी चायनीजची वकील झाले असं समजू नका. पाच-सहा वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये दुपारी चारला एका ठिकाणी फ्राइड राइस खाल्ला आणि सातपर्यंत उलट्यांनी बेजार झाले. घरच्यांनी एकमुखाने निदान केलं: अजिनोमोटो. मला मात्र आठवत होतं ते शेगडीशेजारचं झाकण टाकलेलं पातेलं. सकाळी शिजवलेला भात, दुपारच्या उकाड्यात तसाच. भातात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू असू शकतो. त्याचे बीजाणू भात शिजला तरी मरत नाहीत, कोमट भातात ते जागे होतात आणि जे विष सोडतात ते पुन्हा परतूनही जात नाही. कढई कितीही धगधगती असो. एक ते सहा तासांत उलट्या. माझा हिशेब तंतोतंत जुळतो. खरं तर फ्राइड राइसला गार, मोकळा भातच लागतो. तो शिजल्यावर पसरून लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवला की प्रश्न मिटतो. घरच्या फोडणीच्या भातालाही हेच लागू आहे, रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला जिऱ्या-मोहरीची फोडणी काही वाचवत नाही.

दुसरा खरा गुन्हेगार लाल रंग. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली. १७१ नमुने तपासले होते, त्यातल्या १०७ मध्ये असुरक्षित रंग सापडले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला म्हापसा नगरपालिकेने बोडगेश्वराच्या जत्रेत गोबी मंचुरियनचे स्टॉलच लावू दिले नाहीत. तिसरं तेल. तळून तळून त्यात वाढत जाणारे ध्रुवीय घटक (तेल बिघडल्याची खूण) २५ टक्क्यांवर गेले की ते फेकायचं, असा नियम २०१८ पासून आहे. काळं, दाट, फेसाळणारं तेल कढईत दिसलं तर मी उपकरण न लावता उठते.

शनिवारी सूप संपवून मी मालकांकडे गेले. भिंतीवर नवी पाटी होती: 'आम्ही अजिनोमोटो वापरत नाही'. मेसेजचा परिणाम. पाटीखालच्या फळीवर लाल रंगाची डबी होती. म्हटलं, "दादा, माझं मंचुरियन रंगाशिवाय द्या."

"देतो की ताई. पण रंग नाही टाकला तर लोक प्लेट परत पाठवतात. म्हणतात, कच्चं आहे."

तपकिरी मंचुरियन आलं, चवीत काडीचा फरक नव्हता. तेवढ्यात आमचे तेच काका नातवाला घेऊन पार्सल न्यायला आले, माझ्या प्लेटकडे वाकून बघितलं आणि काळजीने म्हणाले, "अगं, हे असं का दिसतंय? जपून हं."