वावरात उभं राहून पाहा

शेतीच्या मोबाईल अ‍ॅपवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय, मोबाईल आल्यापासून कास्तकाराच्या तलाठ्याकडच्या चकरा संपल्या. अर्धं खरं आहे. ई-पीक पाहणी, म्हणजे अ‍ॅपवरून आपल्या पिकाची नोंद आपणच करायची सोय, 15 ऑगस्ट 2021 ला राज्यभर सुरू झाली, तेव्हापासून सातबाऱ्यावर पेऱ्याची नोंद मीच करतो. आमची आणि शेजारच्या दोन-तीन घरांचीही. पण पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीचा, फोटो घरी बसून चालत नाही, त्या गट नंबरच्या वावरातच उभं राहून काढावा लागते. आमचं वावर नाल्याच्या खालच्या अंगाला, तिथं रेंजचा पत्ता नाही. फोटो तिथं काढायचा आणि अपलोड करायला रात्री मारुतीच्या ओट्यावर येऊन बसायचं. तिथं आमच्यासारखे आणखी चार जण फोन वर धरून उभे असतात. मोठेबाबा म्हणतात, "तलाठी बरा होता बाप्पा, त्याच्याशी भांडता तरी येत होतं!"

नवल याचं वाटलं, की लेखातल्या एवढ्या अ‍ॅपच्या यादीत 'दामिनी' नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं बनवलेलं, फुकट, आणि आपल्या 20 ते 40 किलोमीटरच्या टापूत वीज पडण्याचा धोका असला तर आधी सांगते. जूनमध्ये पेरणीच्या दिवसांत इकडं याच्यापेक्षा कामाचं दुसरं काय असेल? फक्त लोकेशन चालू पाहिजे आणि फोन जवळ पाहिजे. आमचे बाबा फोन दुपट्ट्यात गुंडाळून धुऱ्यावरच्या बाभळीखाली ठेवतात, डब्याशेजारी. वर बॅटरी उतरते म्हणून लोकेशन बंद. मी रोज सकाळी चालू करून देतो.