‘शिक्षा जबर करा, गुन्हे आपोआप थांबतील’ : हा हिशेब कुठे चुकतो?

एक मजकूर बराच पसरलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गुन्हेगार जन्मतःच तसा असतो. तो नफा-तोटा मोजून गुन्हा करतो, म्हणून शिक्षा अशी जबर हवी की थरकाप उडाला पाहिजे. कुलपं-बंदोबस्त व्यर्थ, कारण चोर शेजारी जातो. आणि पोरांना वेळीच तुरुंग दाखवला की ती वाकड्या वाटेला जात नाहीत.

यातल्या पहिल्या दोन दाव्यांचं आपसातच पटत नाही. गुन्हेगारी रक्तातच असेल तर धाकाने ती जाणार कशी? आणि धाकाने जात असेल तर ती जन्मजात कसली? पण असो, एकेक दावा घेऊ.

‘गुन्हेगार जन्मतःच तसा असतो’

ही कल्पना रुजवली इटालियन डॉक्टर चेझारे लोम्ब्रोझो यांनी, 1876 मध्ये. मोठा जबडा, विचित्र कान, मागे झुकलेलं कपाळ ही त्यांच्या मते गुन्हेगाराची लक्षणं. घोळ पद्धतीत होता: तेच कान आणि तोच जबडा तुरुंगाबाहेरच्या किती माणसांना असतो, हे त्यांनी नीट तपासलंच नाही. तुरुंगातले डॉक्टर चार्ल्स गोरिंग यांनी इंग्लंडमधल्या सुमारे 3,000 कैद्यांची मापं घेऊन ती विद्यार्थी आणि सैनिकांच्या मापांशी ताडून पाहिली. 1913 मध्ये निष्कर्ष आला की गुन्हेगाराचा असा वेगळा शारीरिक साचा नसतो.

अनुवंशाचा वाटा शून्य आहे, असं कुणी जाणकार म्हणत नाही. पण वयाकडे बघा. गुन्ह्यांचं प्रमाण किशोरवयात झपाट्याने चढतं, विशीच्या आसपास शिखर गाठतं आणि पुढे उतरत जातं. जनुकं तर पंचविशीत बदलत नाहीत. बदलतात नोकरी, जोडीदार आणि संगत.

इथे अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराचा अभ्यास हमखास पुढे केला जातो. 1945 मध्ये जन्मलेल्या जवळजवळ 10,000 मुलांपैकी साधारण 6 टक्क्यांच्या नावावर निम्म्याहून जास्त गुन्हे होते. आकडा खरा आहे. मात्र हे 6 टक्के कोण, ते पोलिसांच्या नोंदी चाळल्यावर कळलं. पाळण्यात कुणी ओळखले नव्हते.

‘शिक्षा जबर हवी’

सगळ्यात जास्त टाळ्या यालाच मिळतात. माणूस हिशेब करतो असं मानलं तरी त्या हिशेबात तीन गोष्टी येतात: पकडलं जाण्याची शक्यता, शिक्षा किती लवकर होते, आणि ती किती कडक आहे. इटलीच्याच चेझारे बेकारिया यांनी 1764 मध्येच लिहून ठेवलं की शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिची खात्री जास्त रोखते. नंतरच्या संशोधनाचा कौलही त्याच बाजूचा आहे. कारणं साधी आहेत. गुन्हा करणाऱ्याला कलमात किती वर्षं लिहिलीत हे बहुधा ठाऊकच नसतं. ठाऊक असलं तरी ‘मी सापडणार नाही’ हे त्याने गृहीत धरलेलं असतं. रागाच्या किंवा दारूच्या भरात तर हिशेबच होत नाही. अशा माणसासाठी सात वर्षांची चौदा केली, तरी फरक पडतो तो कागदावर.

उलट, कडकपणा अंगलटही येतो. अठराव्या शतकाच्या इंग्लंडमध्ये घरातून 40 शिलिंगांचा ऐवज चोरला तर फाशी होती. मग ज्यूरी काय करायची? डोळ्यांदेखत महागडा असलेला माल ती 39 शिलिंगांचा ठरवायची आणि चोराचा जीव वाचवायची. काही जण तर सरळ निर्दोष सुटत. म्हणजे कडकपणा वाढवायला गेलं आणि खात्री घटली. दुसरा धोका याहून वाईट. लुटीला आणि खुनाला एकच शिक्षा असेल, तर लुटारूने साक्षीदाराला जिवंत का सोडावं?

फाशीबद्दल अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2012 मध्ये तोवरचे अभ्यास तपासले. फाशीने खून घटतात, वाढतात की काहीच होत नाही, हे त्या अभ्यासांवरून सांगता येत नाही, असा निर्वाळा तिने दिला. ‘फाशी दिली की खून थांबतात’ असं छातीठोक सांगणाऱ्याने आणि त्याच्या विरोधकानेही हे लक्षात ठेवावं. शिक्षाच नको, असा याचा अर्थ नाही. कैदी आत आहे तोवर बाहेर घरफोडी करू शकत नाही, हे उघडच आहे. पण तो झाला अटकाव, धाक नव्हे.

‘बंदोबस्त केला की चोर शेजारी जातो’

कधीकधी जातो, नेहमी नाही. 1979 मध्ये अमेरिकी समाजशास्त्रज्ञ कोहेन आणि फेल्सन यांनी मांडलेलं सूत्र इथे कामी येतं: गुन्ह्याला तयार माणूस, सोयीचं सावज आणि राखणदाराचा अभाव, हे तिन्ही एकाच वेळी एका जागी जुळावे लागतात. एक काढा, गुन्हा अडतो.

याचा नमुना पश्चिम जर्मनीत सापडतो. 1980 मध्ये तिथे हेल्मेट न घालणाऱ्या मोटारसायकलस्वाराला जागच्या जागी दंड सुरू झाला. हेतू अपघाती जखमा टाळण्याचा. पण गाडी दिसली आणि मोह झाला, असा चोर खिशात हेल्मेट घेऊन फिरत नाही. विनाहेल्मेट निघाला की लगेच नजरेत येतो. 1986 पर्यंत मोटारसायकलचोऱ्या जवळपास दोन तृतीयांश घटल्या. तेवढ्या प्रमाणात मोटारी किंवा सायकली चोरीला जाऊ लागल्या का? नाही. मोटारींच्या चोऱ्या थोड्या वाढल्या, सायकलींच्या सुरुवातीला वाढल्या, पण 1986 पर्यंत 1980 पेक्षाही खाली आल्या.

‘पोरांना तुरुंग दाखवा’

हे करून झालंय. अमेरिकेत 1970 च्या दशकात न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात जन्मठेपेचे कैदी मुलांवर ओरडून त्यांना घाबरवत. प्रयोग गाजला, इतरत्र उचलला गेला. मग चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीने मुलांचे दोन गट करून चाचण्या झाल्या. त्या एकत्र मांडल्यावर दिसलं की तुरुंग पाहून आलेल्या मुलांनी न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस हर्शी यांच्या 1969 च्या मांडणीनुसार मुलगा रोखला जातो तो आईवडील-शिक्षकांची ओढ, भविष्यात गुंतलेला स्वार्थ, कामात अडकलेला वेळ आणि नियमांवरचा विश्वास यांनी. तासभराच्या आरडाओरड्याने यातलं काहीच वाढत नाही.