साहेबांची चिठ्ठी

साताऱ्यात मामांचं करसल्लागाराचं ऑफिस आहे. तिथल्या डेस्कटॉपवर शॉर्टकटांची एवढी दाटी की वॉलपेपरवरच्या तुळजाभवानीचा नुसता मुकुट दिसतो. देवी अशी झाकलेली मामांना बघवेना. त्यांनी मला फोन केला. "अगं, एक छोटा प्रोग्रॅम करून दे. मोठ्ठी बटणं, मराठीत नावं. दाबलं की तो तो शॉर्टकट उघडला पाहिजे. मग हे आयकॉन लपवून टाकू. संध्याकाळपर्यंत होईल ना?"

ज्याला जे काम येत नाही, त्याला ते संध्याकाळपर्यंत होणारं वाटतं.

शॉर्टकट म्हणजे प्रोग्रॅम नव्हे, साहेबांची चिठ्ठी. 'अमक्या खोलीतल्या तमक्याला बोलवा, अमक्या टेबलाशी बसवा.' विंडोज 95 पासून ही पद्धत चालू आहे. पहिले 76 बाइट ठरलेला मायना, पुढे पत्ता, कुठल्या फोल्डरात बसून काम करायचं ते, चिन्ह कुठलं लावायचं ते. ही चिठ्ठी वाचणारा शिपाई एकच, शेल, म्हणजे विंडोजचा डेस्कटॉप आणि फोल्डर सांभाळणारा भाग. डबलक्लिक केलं की तो मुकाट्यानं सगळं करतो, म्हणून आपल्याला तो असल्याचाच पत्ता नसतो.

माझ्या प्रोग्रॅमनं चिठ्ठी थेट सिस्टिमपुढे धरली. उत्तर आलं, हा इथे चालणारा प्रोग्रॅमच नाही. बरोबर आहे, चिठ्ठी कशी चालेल? मी प्रोग्रॅम लिहिते ते मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये; त्याच्या जुन्या अवतारात, डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये, कोडची हीच ओळ बिनबोभाट चाले, कारण तिथे शेलला मध्ये घ्यायचं हे गृहीतच असे. डॉटनेट कोअर या पुढच्या अवतारापासून गृहीत उलटं झालं. शिपाई हवा असेल तर आता तसं लिहून मागायचं.

मागितलाही असता. पण मामांची दुसरी फर्माईश तयार होती. "एकाच प्रोग्रॅमचे तीन-तीन शॉर्टकट आहेत बघ. त्यांचं एकच बटण कर." म्हणजे प्रत्येक चिठ्ठी उघडून आत कोणाचं नाव आहे ते बघणं आलं.

आता चिठ्ठी वाचायची सोपी म्हणून सांगितली जाणारी रीत ऐका. विंडोजच्या स्क्रिप्टवाल्या सोयीत त्यासाठी जी आज्ञा आहे तिचं नाव 'क्रिएट शॉर्टकट'. आहे ती चिठ्ठी वाचायची असली तरी 'नवी कर' असंच म्हणायचं! म्हटलं. इंग्रजी नावांच्या चिठ्ठ्या त्यानं वाचल्या. 'पगारपत्रक' समोर आलं आणि गाडं अडलं, कारण देवनागरी नाव त्याच्या लेखी नुसती प्रश्नचिन्हं. मामांनी तर निम्म्या शॉर्टकटांना हौसेनं मराठी नावं दिलेली. शेवटी ती सोय सोडून खालच्या थरातल्या इंटरफेसशी झटापट केली. तिचं वर्णन करत नाही, जेवणाची वेळ असेल तुमची.

तेवढ्यात काकूंनी, म्हणजे ऑफिसातल्या टायपिंगवाल्या काकूंनी, तक्रार केली की त्यांचे दोन शॉर्टकट यादीतच नाहीत. डेस्कटॉप दिसायला एक, पण असतात दोन फोल्डर: एक आपला, एक मशीनवरच्या सगळ्यांचा. पडद्यावर दोन्ही एकत्र मांडलेले असतात. आणि रिसायकल बिन? ती तर फाइलच नाही. "ते बटण आधी पाहिजे," मामा म्हणाले. "रोज संध्याकाळी मी रिकामी करतो ती." ऑफिसात मामा स्वतः करतात असं ते एकमेव काम असावं.

मग चिठ्ठीतल्या पत्त्यावर थेट जाऊन मी मामांचा जुना हिशेबाचा प्रोग्रॅम सुरू केला. उघडला. पण आत एकही खातं नाही.

"गेले?" मामा खुर्चीतून उठले. "सगळे हिशेब गेले?"

काकूंनी पदराला हात लावला. शेजारच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत बातमी गेली, तो सहानुभूतीनं चहा घेऊन आला. गेलं काहीच नव्हतं. 'अमक्या टेबलाशी बसवा' ही चिठ्ठीतली ओळ पाळली गेली नव्हती, इतकंच. तो बापडा माझ्या प्रोग्रॅमच्या फोल्डरात बसून आपल्या वह्या शोधत होता. हे मी मामांना समजावलं. "म्हणजे हिशेब आहेत ना?" एवढंच त्यांनी तीनदा विचारलं.

म्हणून वाटणी केली. चिठ्ठी वाचायची ती फक्त बटणं मोजण्यापुरती. उघडायची वेळ आली की ती जशीच्या तशी शिपायाच्या हातात. एक ओळ. सगळं चालू लागलं. टेबल, वह्या, पगारपत्रक, सगळं.

फक्त एक शॉर्टकट अॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागणारा निघाला. पडदा काळवंडून प्रश्न येतो, आणि कॉम्प्युटरनं काहीही विचारलं की 'नाही' दाबायचं हा मामांचा बाणा आहे. त्यांनी 'नाही' दाबलं. नकार मिळाला की सिस्टिम 1223 नंबरची चूक परत पाठवते, आणि माझा प्रोग्रॅम तिच्यासकट कोसळला. मामांच्या स्वभावासाठी वेगळा कोड लिहिला.

आयकॉन लपवले, देवीचं पूर्ण दर्शन झालं, काकूंनी नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन. "ताई, पडद्यावर तुमच्याच पाच खिडक्या आहेत." इन्स्टॉल होताना माझ्या प्रोग्रॅमनं रीतीप्रमाणे आपलाही शॉर्टकट डेस्कटॉपवर टाकला होता. डेस्कटॉपवरच्या प्रत्येक शॉर्टकटला बटण मिळायचं, म्हणून त्यालाही मिळालं. काकू ते दाबत होत्या आणि तो स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावत होता. लगेच दुरुस्त करते म्हटलं, तर मागून मामांचा आवाज आला.

"राहू दे गं. एक अडकला तर दुसरा असतो."